सूर जागेवर, पण घर फिरतंय : एका संगीत शिक्षिकेचं प्रकरण

"माझ्या कानांना काही झालेलं नाही, डॉक्टर. वीस मुलं एकत्र गात असली आणि एकीचा सूर केसभर उतरला, तरी मला कळतो."

खुर्चीत बसता बसता बाईंनी हे ऐकवलं. वय ५८, निम्म्याहून जास्त आयुष्य गाणं शिकवण्यात गेलेलं. तक्रार चक्कर येण्याची होती, आणि त्यासाठी कान-नाक-घसावाल्याकडे का यायचं, हेच त्यांना पटत नव्हतं. मी मात्र त्यांचं चालणं बघत होतो. डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर असावी तशा त्या दारातून आत आल्या होत्या. मान ताठ, नजर समोर. लेकीने उजवीकडून हाक मारली तर मान न वळवता अख्ख्या वळल्या.

(बाईंच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

हकिगत सहा आठवड्यांपूर्वीची. पहाटे जाग आली, किती वाजले बघायला त्या अंथरुणातच उजव्या कुशीवर वळल्या आणि छत गरगर फिरायला लागलं. गादीची कड घट्ट धरून, डोळे मिटून पडून राहिल्या. ते थांबलं, पण लगेच उलटी झाली. उठून बसताना पुन्हा तेच. त्या दिवसापासून ठरावीक हालचालींना हे होऊ लागलं: आडवं पडताना, उजवीकडे कूस बदलताना, वरच्या फळीवरचं काही काढायला मान वर केली की. बाकी दिवसभर तसं बरं असायचं.

आधीच्या तपासण्या भरपूर झाल्या होत्या. रक्तदाब जरा वर होता, तो त्या अवस्थेत कोणाचाही असेल. साखर, हिमोग्लोबिन ठीक. मानेच्या एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज दिसली आणि सगळा ठपका तिच्यावर गेला. गळ्याला पट्टा आला, चक्कर दाबणाऱ्या गोळ्या दिवसातून तीन वेळा सुरू झाल्या. गोळ्यांनी दिवसभर गुंगी, तोंडाला कोरड, आणि कूस बदलली की चक्कर होतीच. शेवटी बाईंनी स्वतःच उपाय काढला. तीन उशा पाठीशी घेऊन बसल्या बसल्या झोपायचं आणि उजवीकडे वळायचंच नाही. गाण्याचे वर्ग बंद केले. 'मुलांसमोर पडले तर?' ही धास्ती चकरेपेक्षा मोठी झाली होती.

त्या वयाच्या बहुतेकांच्या मानेत थोडीफार झीज दिसतेच. एक्स-रेमध्ये काहीतरी सापडलं म्हणजे कारण सापडलं असं नव्हे, हे मला दर आठवड्याला कोणाला ना कोणाला सांगावं लागतं.

काय फिरतं, आणि किती वेळ?

मराठीत याला शब्दांची वाण नाही. चटकन उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. उपाशीपोटी घेरी येते. उन्हात भोवळ येऊन माणूस कोसळतो. चालताना झोक जातो. आणि घर गरगर फिरतं. घरी माणसं हे शब्द बरोबर वापरतात. दवाखान्याची पायरी चढली की सगळ्याची 'चक्कर' होते आणि निम्मी माहिती तिथेच हरवते.

म्हणून मी विचारलं, "काय फिरतं? तुम्ही, की खोली?"

"खोली. मी गच्च धरून असते, पण खोली फिरते."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं तरी."

लेक मध्येच म्हणाली, "नाही गं आई. मी एकदा घड्याळ लावून बघितलंय. अर्धं मिनिटसुद्धा नव्हतं."

लेकीच्या त्या एका वाक्याने माझं निम्मं काम केलं. गरगरण्यात अर्धं मिनिट फार लांब वाटतं आणि नंतरची मळमळ त्यातच मोजली जाते, त्यामुळे रुग्णाचा अंदाज चुकतो. पण निदान या आकड्यावरच फिरतं. काही सेकंद चालणारी, हालचालीनेच सुरू होणारी चक्कर एका दिशेला बोट दाखवते. वीस मिनिटं ते काही तास चालणारी, सोबत एका कानाला कमी ऐकू येणं, आवाज होणं, कान भरल्यासारखा वाटणं असेल तर मेनिएरचा विकार मनात येतो. प्रॉस्पर मेनिएर या फ्रेंच वैद्याने १८६१ मध्ये अशी चक्कर कानातून येऊ शकते हे मांडलं. तोवर ती मेंदूतल्या रक्ताधिक्याची मानली जायची. आणि दिवसचे दिवस न थांबणारी चक्कर असेल तर तोलाच्या नसेची सूज, किंवा मेंदूतला झटका, याचा विचार तातडीने करावा लागतो. बाईंना दुहेरी दिसत नव्हतं, जीभ अडखळत नव्हती, हातापायातली ताकद शाबूत होती, नवी डोकेदुखी नव्हती. यातलं एकही असतं तर पुढचं सगळं बाजूला ठेवून त्यांना मेंदूच्या तपासणीला पाठवलं असतं.

रक्तदाबाचा संशय एका गोष्टीने गळाला. आडवा माणूस आडव्यानेच कूस बदलतो तेव्हा रक्तदाब घसरायला कारणच नसतं. मानेसाठी एक साधी कसोटी केली. बसवून, धड स्थिर ठेवून मान डावी-उजवीकडे पूर्ण वळवायला सांगितली: काही नाही. मग झोपवून, मान-धड एकाच ओंडक्यासारखं ठेवून सगळ्या अंगानिशी उजवीकडे वळवलं: "आलं, आलं!" मान वळली नव्हती, तरी चक्कर आली. जमिनीच्या संदर्भात डोक्याची स्थिती तेवढी बदलली होती.

बाईंचा कान बरोबर होता

त्यांच्या शब्दाखातर आणि नियमाप्रमाणेही, आधी श्रवणचाचणी केली. बंद खोलीत, कानाला हेडफोन, २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर. जवळपास सगळीकडे दोन्ही कान २० डेसिबलच्या आत, फक्त सगळ्यात वरच्या पट्टीला वयानुसार किंचित उतार. पडदा स्वच्छ, मधल्या कानातला दाब नेहमीसारखा. आलेख बघून बाई माझ्याकडे बघत राहिल्या. 'सांगत होते ना' असं त्या नजरेत होतं.

हा कान ऐकतो कसा, ते इथे सांगायला हवं, कारण पुढचं कोडं त्यातूनच सुटतं. हवेतला आवाज सरळ पाण्यावर आदळला तर जवळपास सगळाच परत फिरतो. आतला कान द्रवाने भरलेला आहे, त्यामुळे निसर्गाला मध्ये एक यंत्र बसवावं लागलं. पडदा थरथरतो, त्याला चिकटलेली हातोडी ऐरणीला ढकलते, ऐरण रिकिबीला. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात लहान हाड. पडद्याचं क्षेत्रफळ रिकिबीच्या तळव्याच्या सुमारे १७ पट असतं, त्यात हाडांच्या तरफेची भर पडते, आणि दाब वीसेक पटींनी वाढून आतल्या द्रवात शिरतो. पुढे अडीच-पावणेतीन वेढ्यांची शंखासारखी नळी आहे, कॉक्लिया. उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर. तिच्या मधल्या पडद्याची तोंडाकडची बाजू अरुंद आणि ताठ, ती उंच सुरांना हलते. टोकाकडची रुंद आणि सैल, ती खर्जाला. प्रत्येक सुराची त्या पडद्यावर जागा ठरलेली असते. गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी हे माणसाच्या कानात प्रत्यक्ष बघितलं आणि १९६१ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं.

पडदा जिथे हलतो तिथल्या केसपेशी जाग्या होतात. त्यांच्या डोक्यावर अतिसूक्ष्म केसांचा झुबका असतो. तो एका बाजूला झुकला की बारीक दारं उघडतात, पोटॅशियम आत शिरतं आणि नस मेंदूला निरोप देते. नसेला खरी बातमी पोचवणाऱ्या आतल्या ओळीतल्या पेशी एका कानात फक्त साडेतीन हजारांच्या आसपास. केसभर उतरलेला सूर ओळखणारा बाईंचा कान एवढ्याशा भांडवलावर आयुष्यभर चालला होता. हे माझ्या कामातलं रोजचंच, तरी मला त्याचं अजून नवल वाटतं.

"मग कान चांगलाय, तर चक्कर कानाची कशी?" लेकीने विचारलं. प्रश्न रास्त होता.

ग्लास, पाणी आणि कागदाचा कपटा

शब्दांऐवजी मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास घेतला, त्यात कागदाचा कपटा टाकला आणि ग्लास जागच्या जागी झटकन उजवीकडे फिरवला. काच फिरली, कपटा होता तिथेच राहिला. "आता समजा, काचेला आतून एक झडप चिकटलेली आहे. तिला काय वाटेल?" लेक म्हणाली, "पाणी डावीकडे ढकलतंय."

तोलाच्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या हेच करतात. शंखाला लागूनच, त्याच हाडाच्या पोकळीत, एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या. मान हलवावी त्या दिशेची कोणती ना कोणती नळी तिथे असतेच. आतला द्रव जडत्वाने मागे राहतो, झडप वाकते, झडपेतले केस झुकतात. आणि या केसपेशी कोणत्या? त्याच घराण्यातल्या, ज्या शंखात ऐकतात. द्रवही तोच, पोटॅशियमने भरलेला. शंख आणि तोलाचा भाग एका बारीक वाहिनीने जोडलेले आहेत. नसही आठवी, फक्त तिच्या दोन शाखा. कान म्हणजे एकाच वाड्यात बिऱ्हाड केलेले दोन भाऊ आहेत. एक आवाज ऐकतो, दुसरा हालचाल. एकाचं बरं चाललंय म्हणून दुसऱ्याच्या घरी सगळं आलबेल आहे असं नसतं.

नळ्यांच्या बुडाशी दोन छोट्या पिशव्या आहेत, युट्रिकल आणि सॅक्युल. त्यांचं काम 'खाली कुठे' हे सांगण्याचं, आणि लिफ्ट, गाडी सुटताना-थांबताना वेग कळवण्याचं. त्यासाठी तिथल्या केसांवर जेलीसारखा थर आहे आणि त्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण पसरलेले आहेत. कण जड, म्हणून डोकं कललं की थर घसरतो आणि केस झुकतात. गुरुत्वाकर्षण कळायला वजन लागतं, ते हे कण देतात. नळीतल्या झडपेला मात्र वजन नको असतं. तिची घनता भोवतालच्या द्रवाइतकीच असते, म्हणून डोकं कसंही कलतं ठेवलं तरी ती लवत नाही.

वय वाढतं, कण सैल होतात, काही सुटून शेजारच्या नळीत पडतात. तरुणांमध्ये हे बहुधा डोक्याला मार लागल्यावर होतं; पन्नाशीनंतर, आणि बायकांमध्ये जास्त, काही न होताही. सगळ्यात जास्त वेळा मागच्या नळीत, कारण ती तळाशी आहे. मग ज्या नळीला गुरुत्वाकर्षण कळायलाच नको तिच्यात वजनदार कण येऊन बसतात. माणूस कूस बदलतो, कण खाली घरंगळतात, द्रव ओढला जातो, झडप वाकते. मेंदूला निरोप मिळतो की डोकं जोरात फिरतंय. डोळे आणि अंग सांगतात की नाही. त्या भांडणात छत फिरतं. कण तळाला टेकले की थांबतं, म्हणून ते अर्धं मिनिट.

डोळ्यांत बघून कानाचं निदान

हे तर्काने ठरलं. प्रत्यक्ष बघायला डोळे पाहावे लागतात. कारण तोलाचा कान सगळ्यात घट्ट बांधलेला आहे डोळ्यांशी. वाचकाने आत्ता करून बघावं: चेहऱ्यासमोर बोट धरून बोट भराभर हलवा, कड पुसट होते. आता बोट स्थिर ठेवून तितक्याच वेगाने मान हलवा, बोटावरच्या रेषासुद्धा दिसतात. मान जेवढी उजवीकडे, डोळे तेवढेच डावीकडे, तेही एका सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. हा हुकूम कानाचा. कानाने खोटी बातमी दिली तर डोळे खोट्या बातमीप्रमाणे हलतात आणि बघणाऱ्याला कान वाचता येतो.

रॉबर्ट बारानी यांना हे व्हिएन्नात कान धुता धुता उमगलं. रुग्ण तक्रार करत की पाणी गार आहे, चक्कर येते. पाणी जास्त गरम झालं तरी चक्कर, पण डोळे उलट दिशेने हलत. तापमानाने नळीतला द्रव वर-खाली होतो, हे त्यांनी त्यातून ओळखलं. १९१४ चं नोबेल त्यांच्या नावे झालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

बाईंवर मी केली ती चाचणी डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेली. आधी समजावलं: चक्कर येईल, मीच आणणार आहे, डोळे मिटायचे नाहीत, मी धरलेलं आहे. जाड भिंगाचा चष्मा लावला; त्यातून त्यांना नीट दिसत नाही, पण मला त्यांचे डोळे मोठे दिसतात. डोकं ४५ अंश उजवीकडे वळवून त्यांना झटकन मागे झोपवलं, डोकं पलंगाच्या कडेबाहेर जरा खाली.

एक. दोन. तीन. काहीच नाही. चौथ्या सेकंदाला बाईंनी माझं मनगट आवळलं आणि बुबुळं हलायला लागली: जमिनीकडच्या उजव्या कानाच्या दिशेने पीळ देत, सोबत वर झटके घेत. वेग वाढला, मग मंदावला. विसेक सेकंदांत शांत. उठवून बसवलं तर झटके उलट दिशेने, थोडेसे. पुन्हा तेच केलं तर पहिल्यापेक्षा कमी. डाव्या बाजूला काही नाही.

उशिरा सुरू होणं, पीळ, थोड्यात संपणं, पुन्हा केल्यावर मंदावणं. उजव्या मागच्या नळीत सुटे कण. या विकाराचं लांबलचक इंग्रजी नाव आहे, बीपीपीव्ही म्हणून ते ओळखलं जातं. स्कॅनमध्ये हे दिसत नाही. बाईंनी सहा आठवड्यांत केलेल्या कोणत्याही तपासणीत ते दिसणार नव्हतं. दिसणार होतं फक्त आडवं करून डोळ्यांत बघितल्यावर, दोन मिनिटांत. ही दोन मिनिटं कोणीच काढली नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

कण परत घरी

नळी एका बाजूला पिशवीत उघडते. कण तिथपर्यंत घरंगळवत न्यायचे, एवढाच उपचार. अमेरिकेतले जॉन एपली यांनी ही युक्ती काढली, आणि डोकं फिरवून चक्कर बरी होते यावर बरीच वर्षं त्यांच्याच व्यवसायबंधूंचा विश्वास बसेना. त्यांचा प्रसिद्ध शोधनिबंध १९९२ चा. आज हाच पहिला उपचार आहे.

बाईंना पुन्हा उजव्या बाजूला डोकं लटकवून झोपवलं. डोळे शांत झाल्यावर आणखी अर्धं मिनिट थांबलो. मग डोकं सावकाश ९० अंश डावीकडे. पुन्हा थांबलो. मग डाव्या खांद्यावर वळवून नाक जमिनीकडे. इथे बाई पुटपुटल्या, "पुन्हा आलं, तसंच," आणि मला बरं वाटलं, कारण डोळ्यांचे झटके पहिल्याच दिशेचे होते. कण मागे न येता पुढेच सरकत होते. थांबलं. हनुवटी छातीशी ठेवून उठवून बसवलं, पाठीला हात लावून धरलं. उठताना काही जण मागे फेकल्यासारखे होतात.

अर्ध्या तासाने पुन्हा चाचणी. उजवीकडे झोपवलं. एक, दोन, तीन, चार, पाच, दहा. डोळे स्थिर. बाई छताकडे बघत होत्या, आणि छत जागेवर होतं. त्या रडायला लागल्या. लेकही.

हे घरी करता येतं का, असं हमखास विचारलं जातं. येतं, पण बाजू आणि नळी कोणती हे आधी कोणीतरी बघून सांगायला हवं. चुकीच्या बाजूला केलं तर उपयोग नाही. मानेचा गंभीर आजार असलेल्यांनी परस्पर करू नये.

गोळ्या मी कमी करत बंद केल्या. त्या कणांना हलवत नाहीत. मळमळ आटोक्यात ठेवायला दोन-चार दिवस ठीक, पण महिनोन्महिने घेतल्या तर मेंदूच्या जुळवून घेण्यालाच खीळ घालतात. गळ्याचा पट्टाही काढला. हाडांच्या ठिसूळपणाची आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी सांगितली, कारण या दोन्हींचा आणि वारंवार कण सुटण्याचा संबंध आढळलेला आहे.

सगळं त्याच दिवशी सुरळीत झालं नाही. चार-पाच दिवस बाईंना होडीत उभं असल्यासारखं वाटत राहिलं. आठवड्याने आल्या तेव्हा चाचणीत काही नव्हतं, पण जाड फोमवर पाय जुळवून डोळे मिटायला सांगितले तर त्या डुलत होत्या. डोळे बंद, पायाखालची जमीन मऊ, म्हणजे उरला एकटा कान. आणि त्या कानावर भरवसा ठेवायची सवय मेंदूने सहा आठवड्यांत सोडली होती. त्यावर चालणं हाच उपाय. मान वळवत चाला, बोलत चाला, अंधारात भिंतीला हात लावून चाला, आणि मुख्य म्हणजे उजव्या कुशीवर झोपा. शेवटचं त्यांना सगळ्यात जड गेलं. पहिल्या रात्री लेक शेजारी बसून होती.

तीन आठवड्यांनी वर्ग सुरू झाले. आठ महिन्यांनी बाई पुन्हा आल्या, या खेपेला कोणाच्या चिठ्ठीशिवाय. खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "डावा कान. पाच सेकंदांनी सुरू होतं, पंधरा सेकंद टिकतं. मी मोजलंय." मी डावीकडे झोपवून बघितलं. त्यांचा हिशेब एका सेकंदाने चुकला होता.